ज्येष्ठांच्या वसाहतीतला जुना फ्लॅट घेताना

टिळकवाडीत असो वा शहराबाहेर, वसाहतीतला जुना फ्लॅट बघायला जुलै-ऑगस्टमध्येच जा. बेळगावचा पाऊस भिंतीचं खरं रूप दाखवतो. नवा रंग दिलेला असेल तर खिडकीखालचा कोपरा आणि बाथरूमची मागची भिंत तळहाताने दाबून बघा. गिलावा भुसभुशीत लागला की ओल आत मुरलेली आहे.

मोजपट्टी न्याच. बाथरूमची चौकट अडीच फुटांची असली तरी दार उघडल्यावर मोकळी जागा साधारण 27 इंच उरते. व्हीलचेअर 25 इंच रुंद, म्हणजे बोटं सोलवटणार. 32 इंच मोकळे हवेत, आणि उंबरठा नकोच. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, हेही बघा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

कागदांत ई-खाते, म्हणजे स्थानिक संस्थेच्या नोंदीतला मालमत्तेचा डिजिटल उतारा, आधी. त्याशिवाय नोंदणी होत नाही. ईसी, म्हणजे मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला, 30 वर्षांची काढा. 2004 च्या आधीच्या नोंदी सब-रजिस्ट्रार कचेरीत शोधाव्या लागतात. सगळं कानडीत असतं, तेव्हा चतुःसीमा जाणकाराकडून ओळीओळीने वाचून घ्या आणि सिटी सर्व्हे उताऱ्याशी ताडून बघा. वारसाहक्काने आलेलं घर असेल तर सर्व वारसांच्या सह्या हव्यातच, परदेशातल्या मुलीचीसुद्धा.

मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरण शुल्क आणि वयाची अट लेखी घ्या. तुमच्यामागे साठीच्या आतल्या मुलाला तिथं राहता येईल का, हे त्या अटीवरच ठरतं.