तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री लुटला जाणारा कॅसल

गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, नव्याने आलेली मुलं लॉर्ड्‌स मोबाईल या फोनवरच्या युद्धाच्या खेळाबद्दल मला फिरून फिरून एकच विचारतात: "दादा, दिवसभर गोळा केलेलं सकाळपर्यंत लुटलेलं असतं. तुमचंच कसं टिकतं?"

टिकतं, कारण रात्री माझ्या कॅसलमध्ये, म्हणजे खेळातल्या किल्ल्यात, मी उघड्यावर फारसं काही ठेवतच नाही. अन्न, दगड, लाकूड, खनिज, सोनं यांचा जो साठा वर आकड्यांत दिसतो, तेवढाच लुटता येतो. त्यातूनही व्हॉल्टच्या (सुरक्षित तिजोरीच्या) मर्यादेतला भाग सुटतो. बॅगेतली न उघडलेली पाकिटं तर कुणाच्याच हाती लागत नाहीत. तरी बक्षिसाचं पाकीट आलं की लगेच फोडायचं, ही सवय जवळपास प्रत्येकाला असते. आकडा फुगलेला पाहून बरं वाटतं, हे मला कळतं. पण स्काउट, म्हणजे हेर, पाठवणाऱ्यालाही तोच आकडा दिसतो, आणि सैन्य पाठवणं परवडेल की नाही हे तो त्यावरूनच ठरवतो. म्हणून आधी खर्च ठरवा: कोणती इमारत, कोणतं संशोधन. मग लागेल तेवढंच फोडा आणि झोपण्याआधी ते काम सुरू करून टाका.

नकाशावरच्या जागांवर सैन्य पाठवून गोळा करण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. कितीही फेऱ्या मारल्या तरी अन्न पुरत नाही, अशी तक्रार असते, तेव्हा मी आधी सैन्याचा आकडा विचारतो. सैनिक दर तासाला अन्न खातात. शेतं आहेत तशीच ठेवून नुसती भरती करत गेलात, तर नकाशावरून आणलेलं धान्य त्यांच्याच पोटात जातं आणि बांधकामाला काही उरत नाही. सुरुवातीला सैन्य कमी, संशोधन जास्त, हे माझं ठाम मत आहे. गोळा करण्याचा वेग आणि सैन्याची वाहून आणण्याची क्षमता वाढवणारं संशोधन लवकर करा, ते पुढे कित्येक महिने कामी येतं. आणि जवळच्या, आपल्या गिल्डच्या वस्तीतल्या जागा निवडा. लांबवर एकटं पडलेलं सैन्य मारलं गेलं तर गोळा केलेलंही जातं.

शील्डबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. शील्ड, म्हणजे ठराविक वेळ हल्ल्यापासून वाचवणारं कवच, कॅसलला असते. बाहेर गोळा करत असलेल्या सैन्याला तिचा काही उपयोग नाही. स्वतः कुणावर हल्ला केलात तर ती लगेच उतरते. 8 तासांची, 24 तासांची, 3 दिवसांची अशा शील्ड मिळतात. रोज रात्री 8 तासांची पुरते, पण ती चुकवू नका. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचा 1 वाजतो तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे 7:30 झालेले असतात. कामावरून घरी आलेला माणूस फोन हातात घेतो, ती नेमकी आपली गाढ झोपेची वेळ असते.

आणि खरं सांगायचं तर लाकूड-दगड गेल्याचं मला फार वाटत नाही, ते आठवडाभरात भरून निघतं. काळजी लीडरची, म्हणजे तुमच्या सैन्याच्या मुख्य नायकाची, करा. कॅसल पडला तर तो शत्रूच्या तुरुंगात जाऊ शकतो. मग त्याच्या अंगावरच्या सगळ्या आयुधांचा फायदाही गेला. शेल्टर, म्हणजे कॅसलमधली लपण्याची जागा, त्यासाठीच आहे. शील्ड नसेल त्या रात्री लीडरला चांगल्या सैन्यासह शेल्टरमध्ये पाठवा. वेळ मोजून निवडा, कारण ती संपली की सगळे आपोआप बाहेर येतात.

गिल्डमधल्या कुणाला खरोखर नड असेल तर ट्रेडिंग पोस्टमधून (दुसऱ्याला साहित्य पाठवण्याच्या इमारतीतून) द्या. वाटेत कर कापला जातो, तरी द्या. उद्या तुमचा कॅसल जळत असताना मदतीचं सैन्य हीच माणसं पाठवणार आहेत. किंगडम विरुद्ध किंगडम या राज्याराज्यांतल्या लढाईच्या रात्री मात्र एकही तुकडी बाहेर ठेवू नका, आणि 24 तासांचीच शील्ड लावा.