तुम्ही विचारलंत म्हणून: खणाला चॅनेल कोणतं लावायचं?

चॅनेल म्हणजे खण ज्याच्यावर आत-बाहेर सरकतो ती धातूची पट्टी. स्वयंपाकघराचं फर्निचर करायला काढलं की हा प्रश्न हमखास येतो. "चॅनेल साइडचं घेऊ की खालचं? सॉफ्ट क्लोज, म्हणजे खण आपटू न देता हळू बंद करणारी सोय, हवीच का? टिकेल कोणतं?" अडचण एवढीच, की हा प्रश्न बहुतेक वेळा खणांचे खोके कापून झाल्यावर विचारला जातो. चॅनेल लावायचं शेवटी असलं तरी ठरवायचं सगळ्यात आधी. खोक्याची रुंदी, फळीची जाडी, तळ किती वर बसवायचा, मागच्या फळीला खाच कुठे घ्यायची, हे सगळं चॅनेलवरून ठरतं. खोका तयार आहे आणि आता त्यात बसेल असं चॅनेल शोधायचंय, अशी वेळ आली की निवड उरतच नाही.

म्हणून उत्तराआधी तीन उलट प्रश्न. खणात काय ठेवणार? खण किती रुंद? आणि खोका बनवणाऱ्याचा हात किती अचूक आहे? पहिल्या दोन प्रश्नांचा विचार लोक करतात. तिसऱ्याचा सहसा कोणी करत नाही, आणि खण अडकण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. पहिली रोलरची: पांढरा किंवा करडा रंग चढवलेली पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकचं चाक. ही स्वस्त असते, मापातली थोडी चूक पोटात घालते, पण खण पाऊणच बाहेर येतो. ५०० मिमी खोल खणाचे मागचे साधारण १२५ मिमी कायम कपाटाच्या आत, अंधारात. खण उचलून बसवावा लागतो, त्यामुळे वर बोटभर मोकळी जागाही सोडावी लागते. चमचे-सुऱ्यांच्या उथळ खणाला हे चालून जातं. जड भांड्यांच्या खणाला लावू नये.

दुसरी जात टेलिस्कोपिक चॅनेलची. एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या आणि मध्ये पोलादी गोळ्या. सर्वाधिक चालणाऱ्या चॅनेलची उंची ४५ मिमी आणि जाडी १२.७ मिमी, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत. दोन्ही बाजू मिळून २५.४ मिमी होतात. म्हणून नियम असा: कपाटाच्या आतल्या रुंदीतून २६ मिमी वजा करा, येईल ती खोक्याची बाहेरची रुंदी. ती अर्धा मिमी इकडेतिकडे झाली तर चालते, त्यापलीकडे चॅनेल ऐकत नाही.

नियम सोपा वाटतो, पण घोटाळा कुठे होतो ते एका मापावर पाहू. कपाट बाहेरून ६०० मिमी, बाजूच्या फळ्या १८ मिमीच्या. आतलं माप ५६४. त्यातून २६ गेले, खोका ५३८ मिमी. प्लाय याच मापाने कापला. मग कपाटाच्या आतून दोन्ही बाजूंना ०.८ मिमीचं लॅमिनेट चिकटलं, आतली जागा राहिली ५६२.४. खोक्यालाही बाहेरून दोन्ही बाजूंना तेच लॅमिनेट लागलं, खोका झाला ५३९.६. आता दोन चॅनेलसाठी जागा उरली २२.८ मिमी, आणि चॅनेलला हवेत २५.४. खण ठोकून बसवला जातो, पहिल्या दिवशी जोर लावून सरकतोही, आणि काही महिन्यांत गोळ्यांना धरून ठेवणारी जाळी वाकून कुरकुर सुरू होते. दोष चॅनेलच्या माथी मारला जातो. तेव्हा खोक्याचं माप कागदावरच्या फळीवरून काढू नका. कपाट उभं राहून आतलं लॅमिनेट चिकटल्यावर टेप आत घाला, पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन मापं घ्या, आणि सगळ्यात लहान माप धरा. १८ मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय दर वेळी बरोबर १८ भरतोच असंही नाही.

तिसरी जात खालून बसणाऱ्या, न दिसणाऱ्या चॅनेलची. खण उघडला तरी बाजूला लोखंड दिसत नाही, चाल मऊ असते आणि समोरचा दर्शनी भाग वर-खाली करायला स्क्रू किंवा चाकी असते. इथे गणित वेगळं आहे, आणि टेलिस्कोपिकची सवय असलेले हात नेमके इथे चुकतात. या चॅनेलला खोक्याची आतली रुंदी लागते. फळी १६ मिमीपर्यंत जाड असेल तर बहुतेक कंपन्यांचा हिशोब असा: कपाटाची आतली रुंदी वजा ४२ मिमी. वरच्याच ५६४च्या कपाटात खोका आतून ५२२ मिमी येतो. १६ मिमीच्या फळ्या धरल्या तर बाहेरून ५५४, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच मिमी फट. तळ फळीच्या खालच्या कडेपासून साधारण १३ मिमी वर घ्यावा लागतो, कारण चॅनेल त्या पोकळीत लपतं. खोक्याची लांबी चॅनेलच्या नावाच्या मापापेक्षा १० मिमी कमी: ५००चं चॅनेल असेल तर खोका ४९०. मागच्या फळीला दोन्ही कोपऱ्यांत खाच आणि चॅनेलच्या मागच्या हुकासाठी ६ मिमीचं भोक. समोर खालून दोन क्लिपा, डावी वेगळी आणि उजवी वेगळी. कंपनीगणिक एखादा मिमी बदलतो, म्हणून चॅनेलच्या पाकिटातला कागद फेकू नका, तो सुताराच्या हातात द्या.

रुंदीचा फायदा कोणाला? टेलिस्कोपिकमध्ये याच कपाटात १६ मिमी फळीचा खोका आतून ५०६ मिमी मिळतो, खालच्या चॅनेलमध्ये ५२२. पण तळ वर गेल्याने उंची जाते. उथळ खणाला ती कमी झालेली उंची चांगलीच जाणवते, खोल खणाला नाही.

आता माझं मत. कामावर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि टेप नीट वापरला जात असेल, खोके यंत्रावर कापले जाणार असतील, तर रोजच्या मोठ्या खणांना खालचं चॅनेल घ्यावं. जागेवर हातकरवतीने काम चाललं असेल तर चांगलं टेलिस्कोपिक घ्या आणि वाचलेल्या पैशांतून तळाचा प्लाय जाड करा. महागाचं चॅनेल तिरक्या खोक्यावर स्वस्त चॅनेलपेक्षा वाईट चालतं.

तळाचा विषय निघालाच आहे तर: खाचेत सरकवलेली ६ मिमीची पातळ फळी भांड्यांच्या वजनाने पोटात झोळ धरते, खालच्या खणाच्या भांड्यांना घासते, आणि लोक म्हणतात चॅनेल वाकलं. ६०० मिमी रुंदीला ९ मिमी, त्यापुढे १२ मिमी तळ घ्या.

वजन. पाकिटावर ३५ किलो किंवा ४५ किलो लिहिलेलं असतं. तो आकडा जोडीचा असतो, एका चॅनेलचा नव्हे, आणि एका ठरावीक लांबीवर तपासलेला असतो. त्याहून लांब चॅनेलवर क्षमता उतरते. चॅनेल उभं न लावता आडवं, सपाट लावलं तर ती खूपच घसरते. शिवाय त्या आकड्यात खोक्याचं स्वतःचं वजनही धरायचं. ६०० रुंद, ५०० खोल, २०० उंच असा प्लायचा खोका दर्शनी फळीसकट सात-आठ किलो भरतो. म्हणजे ३५च्या चॅनेलवर सामानाला राहिले २७. चिनीमातीच्या ताटल्या, लोखंडी तवे, काचेच्या भरलेल्या बरण्या यांना हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. अंदाज करत बसू नका: जे ठेवणार ते एका टोपलीत भरा, वजनकाट्यावर टोपली हातात धरून उभे राहा, आपलं वजन वजा करा. भरेल त्याच्या दीडपट क्षमतेचं चॅनेल घ्या. खण उघडा असताना त्यावर हाताचा भार पडतो, लहान मूल लोंबकळतं, हे त्या दीडपटीत येतं.

रुंदीचा त्रास वजनाहून फसवा. ९०० मिमी रुंद आणि ५०० मिमी खोल खण एका कोपऱ्याला धरून ओढून पाहा. ओढलेली बाजू पुढे येते, दुसरी मागे रेंगाळते, खण तिरका होऊन आवळतो. टेलिस्कोपिकच्या दोन बाजूंना एकमेकींची खबर नसते. खालच्या चॅनेलमध्ये रुंद खणांसाठी दोन्ही बाजू दांड्याने आणि दातेरी चाकांनी जोडायची सोय मिळते, ९००च्या खणाला ती घ्याच. टेलिस्कोपिकच लावायचं असेल तर खण ६०० मिमीच्या आसपास ठेवा, आणि हँडल मधोमध एकच लावा. टोकांना दोन लावले की माणूस नेमकं एकच धरून ओढतो.

लांबी कपाटाच्या खोलीवरून ठरते. आत ५६० मिमी असतील तर ५५०चं बसतं खरं, पण मागची फळी फुगलेली किंवा मागून पाइप जात असेल तर खण शेवटचा बोटभर बंद होत नाही. अशा जागी ५०० घ्या. पल्ल्यामागे आतला खण करणार असाल तर आणखी एक गोष्ट: उघडलेला पल्ला बिजागरीच्या बाजूने आत जागा खातो. त्या बाजूला चॅनेलमागे ठोकळा घालून खण मध्याकडे सरकवावा लागतो, म्हणजे खोका आणखी अरुंद होतो. हे माप पल्ला उघडा ठेवूनच घ्या.

सॉफ्ट क्लोज हवं का? रोज पन्नास वेळा उघडणाऱ्या खणाला हवं. ते शेवटच्या काही सेंटिमीटरांत खण पकडतं आणि दट्ट्याच्या आधाराने हळू आत घेतं. त्यासाठी आतली खुंटी खटक्यात नेमकी अडकावी लागते, म्हणून खोका अरुंद झाला की सगळ्यात आधी हीच सोय बंद पडते. ढकलून उघडणारा प्रकार वेगळा. त्याला दर्शनी फळीमागे दोन-तीन मिमी फट लागते, ती नसली तर दाबायला जागाच नाही. साध्या सॉफ्ट क्लोजवर ढकलून उघडायचं बटण वेगळं आणून बसवू नका, दोघं एकमेकांशी भांडतात. दोन्ही हवं तर तसंच एकत्र बनवलेलं चॅनेल मिळतं. ओट्याखालच्या खणाला मात्र मी ढकलून उघडणारं सुचवत नाही. काम करताना गुडघा टेकला की खण बाहेर.

बसवताना दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजत बसण्यापेक्षा एक फळी हव्या त्या उंचीला कापा, आत उभी करा, तिच्यावर चॅनेल टेकवा आणि स्क्रू मारा. तीच फळी दुसऱ्या बाजूला. दर्शनी फळी कपाटाच्या बाहेर झाकणार असेल तर चॅनेल कडेपासून दोन-तीन मिमी आत. आत बसणारी असेल तर फळीची जाडी अधिक तेवढेच मिमी. पहिले स्क्रू लांबट भोकांत, पुढे एक आणि मागे एक. खण घालून चालवून पाहा, सरकवून जुळवा, मगच गोल भोकांत पक्के करा. हे शेवटचे स्क्रू कितीतरी ठिकाणी मारलेलेच नसतात, आणि सहा महिन्यांनी दर्शनी फळी खाली उतरलेली दिसते. स्क्रूचं डोकं चॅनेलच्या पत्र्याच्या वर आलं तर गोळ्यांची जाळी त्यावर आपटते: डोकं चपटं, स्क्रू सरळ. कपाटाच्या १८ मिमी फळीत १६ मिमीचा स्क्रू योग्य, पण खोक्याची फळी १२ची असेल तर तोच स्क्रू आतून टोक काढतो.

खण अडकत असेल तर चॅनेल बदलण्याआधी खोक्याचे दोन्ही कर्ण मोजा. एक मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर खोका काटकोनात नाही. जागा जास्त झाली असेल तर चॅनेलमागे लॅमिनेटची पट्टी घाला, ०.८ किंवा १ मिमीची. जागा कमी असेल तर खोक्याच्या बाजूला चॅनेलपुरती उथळ खाच मारता येते, ४६ मिमी रुंद. मुळात खण आपोआप उघडत असेल तर कपाट पुढे झुकलंय का ते लेव्हल ठेवून बघा.

खरखर आवाज नव्या खणातही येतो. चॅनेल बसवल्यावर त्याच्याशेजारी ड्रिल चाललं की भुसा गोळ्यांत जातो. व्हॅक्यूमने ओढून घ्या, कोरड्या ब्रशने झाडा. तेल घालू नका. दोन दिवस छान वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसून चिखल होतो. सिंकखालच्या कपाटात आम्लाची बाटली ठेवू नका, झाकण लावलेलं असलं तरी तिच्या वाफेने शेजारच्या चॅनेलचा जस्ताचा थर पांढरा पडून गंजतो.

राहिला खण काढायचा प्रश्न. टेलिस्कोपिकला आतल्या बाजूला काळी प्लॅस्टिकची कळ असते. खण पूर्ण बाहेर ओढा, एका बाजूची कळ वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबा, खण सरळ बाहेर येतो. परत घालताना आधी बोटाने गोळ्यांची जाळी दोन्हीकडे पुढच्या टोकापर्यंत ओढून आणा. ती मागे राहिली असताना खण दामटला की पट्टी जाळीच्या तोंडावर आदळते, गोळ्या टपटप खाली पडतात आणि ते चॅनेल पुन्हा जुळत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी तोंडात घ्या, समांतर ठेवून हळू आत ढकला. अर्ध्यात थोडं अडखळेल, तिथे एकदाच ठाम दाबून खण मागपर्यंत न्या.