पाचवी ते आठवीचा सांस्कृतिक महोत्सव: बघायचं कमी, करायचं जास्त

भिंतीवर चार कार्डशीट, टेबलावर किल्ला आणि टेबलामागे नववारी नेसलेली मुलगी, एका दमात पाठ म्हणून दाखवणारी. पालक मान डोलावतात, फोटो काढतात आणि पुढच्या वर्गात शिरतात. (२०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलची देवळं तरी कमी झाली, एवढंच समाधान.) दोष मुलांचा नाही. पाहुण्याला करायला काही ठेवलेलंच नसतं. म्हणून दालन निवडताना माझी अट एवढीच: आलेल्या माणसाच्या हाताला तीन-चार मिनिटांचं काम मिळालं पाहिजे, आणि ते काम सहावीतल्या मुलाला बाईंच्या मदतीशिवाय शिकवता आलं पाहिजे.

आधी हिशेब करा. एका पाहुण्याला एका जागेवर चार मिनिटं धरली, तर तासाला १५ माणसं होतात. महोत्सव तीन तासांचा असला तरी गर्दी सारखी येत नाही, बहुतेक पालक पहिल्या दीड तासात उरकून घेतात. म्हणजे एका जागेवर जेमतेम २२ जण. तीनशे पाहुण्यांपैकी प्रत्येकाला निदान एक गोष्ट करायला मिळावी असं वाटत असेल तर १४ जागा लागतात. तीन-चार दालनांत त्या आरामात बसतात. दहा दालनं मांडली की प्रत्येकात एकच जागा, एकच संच आणि बाहेर रांग.

सगळ्यांत जास्त मेहनत गंजिफावर करावी, कारण हा पत्त्यांचा खेळ सावंतवाडीचा असूनही बहुतेक पालकांनी तो हातात धरलेला नसतो. दशावतारी गंजिफात गोल पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, वजीर आणि एक ते दहा असे १२ पत्ते. ए-फोर आकाराचा कागद आडवा तीन आणि उभा चार भागांत विभागला की बरोबर १२ चौकटी मिळतात, आणि प्रत्येकीत कंपासने ३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ बसतं. म्हणजे एक कागद, एक अवतार, एक टोळी. दहा टोळ्यांत संपूर्ण संच होतो. कागद जाड घ्या, २५० ते ३०० जीएसएमचा. रंगवून झाल्यावरच कापायचं, आधी गोल कापले की मुलांना ते धरून रंगवता येत नाहीत.

खरी अडचण आकड्यांच्या पत्त्यांवर येते. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे काढायचे असतात आणि मुलं पहिलाच मासा अर्धा पत्ता भरेल एवढा काढतात. एका गटात १ ते १० मिळून ५५ चिन्हं होतात, ती हाताने काढायला बसलं तर आठवडा जातो. त्यापेक्षा खोडरबर कोरून ठसा करा. ठसा एक सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. मासा, कासव, परशू, बाण हे सोपे. कोरायचं काम आठवीतल्या मुलांना द्या आणि कटरजवळ शिक्षक बसू द्या. राजा आणि वजीर मात्र हातानेच रंगवायचे, पत्त्यांची शोभा तिथेच आहे.

रंग अॅक्रिलिकच घ्या. पोस्टर कलरवर चकाकीसाठी पाणी घातलेला फेव्हिकॉल फिरवला की रंग विरघळून चिखल होतो. एकाच बाजूला रंग लागला की पत्ता वाटीसारखा वळतो, म्हणून मागची बाजूही रंगवायची आणि वाळल्यावर रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचं. मागचा रंग सगळ्या १२० पत्त्यांना एकाच डब्यातला हवा. दोन टोळ्यांनी दोन वेगळे लाल वापरले तर खेळताना समोरच्याच्या हातात कुठला अवतार आहे ते पाठीवरूनच कळतं.

पूर्ण डाव तिघांत, प्रत्येकी ४० पत्त्यांचा. महोत्सवात तेवढा वेळ कुणाला नसतो. दोनच गट घ्या: २४ पत्ते, तिघांना आठ-आठ. हुकूम नसतो. ज्या अवताराचं पान पडलं त्याचंच टाकायचं, नसेल तर कुठलंही. मोठं पान हात घेतं आणि हात घेणारा पुढचं पान टाकतो. गंमत अशी की निम्म्या अवतारांत वजिराखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या निम्म्यांत हा क्रम उलटा. म्हणून एक गट रामाचा घ्या आणि दुसरा त्याच्या उलट क्रमाचा. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. हा नियम ऐकला की आजोबा मंडळी हमखास खुर्ची ओढून बसतात. दोन्ही गटांचा क्रम मोठ्या अक्षरात टेबलावर चिकटवा, नाहीतर प्रत्येक हाताला वाद.

मोडीचं दालन स्वस्त आहे आणि त्याला गर्दीही जमते, कारण प्रत्येकाला स्वतःचं नाव लिहून हवं असतं. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जातात. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शुद्धलेखनाला घाबरणारेही खूश. बोरूच्या लेखण्या पाच-सहा घ्या, टोक दोन-तीन मिलिमीटर रुंद. दौतीत कापडाचा बोळा घालून त्यावर शाई ओता, म्हणजे बोरूला बेताचीच शाई लागते आणि दौत लवंडली तरी टेबल वाचतं. शाई पेनातली साधी, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक नको, गणवेशावरचा डाग जन्मात जात नाही. कागद गुळगुळीत हवा, वर्तमानपत्री कागदावर शाई फुटते.

मोडी अडते ती जोडाक्षरांवर. ‘समीर’ कुणीही लिहील, ‘प्रज्ञा’ आली की मुलं एकमेकांकडे बघतात. शाळेतल्या सगळ्या नावांमधली अवघड नावं आठवडाभर आधी काढून मोडी जाणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या आणि ती वही दालनात ठेवा. संगणकावरून मोडी छापणार असाल तर छापून तपासा. लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली खरी, पण फाँट नसलेल्या यंत्रावर नुसते चौकोन उमटतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची गोष्ट), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या आहेत. शाळेत यातला चामड्याच्या बाहुल्यांचा, म्हणजे सावल्यांचा खेळ सर्वांत जमण्यासारखा. पांढरं सुती धोतर चार फूट बाय सहा फूट चौकटीवर ताणा, सुरकुती राहता कामा नये. मागे तीन-चार फुटांवर एकच एलईडी बल्ब, खेळवणाऱ्यांच्या डोक्यापेक्षा वर. ट्यूबलाइट लावली की सावलीची कड पुसट होते, कारण प्रकाश एका ठिपक्यातून न येता लांबलचक नळीतून येतो. बाहुली काळ्या कार्डशीटची, फूटभर उंच, खांदा आणि कोपर दोऱ्याच्या गाठीने जोडलेले. दागिन्यांच्या जागी पंचने भोकं पाडून मागून रंगीत जिलेटिन चिकटवलं की पडद्यावर रंग उतरतो. बाहुली कापडाला टेकवूनच चालवायची. वीतभर मागे घेतली तरी सावली फुगते आणि पुसट होते. पाहुण्याला बाहुली द्या आणि चार ओळींचा संवाद म्हणायला लावा. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद आदल्या दिवशीच लावा, दुपारी बाराला तो लावत बसलं की अर्धा कार्यक्रम गेला.

जातं मिळालं तर जरूर ठेवा, पण टेबलावर नको, जमिनीवर गोणपाटावर. वैरण, म्हणजे दळायचे दाणे, थोडी-थोडी घालायची, मूठभर एकदम ओतली की जातं फिरेनासं होतं. नुकती टाकी लावलेली (दगडाला छिन्नीने खाचा पाडलेल्या) असेल तर पिठात दगडाची कच येते, ते पीठ कुणाला चाखू देऊ नका. शेजारी कोरे कागद ठेवून पाहुण्यांना दोन ओळींची ओवी रचायला सांगता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यातल्या दोन-तीन आधी ऐकवल्या की लोकांना चाल सापडते.

खाऊचं दालन वेगळ्या मजल्यावर किंवा मैदानात हलवा. भेळेचा हात गंजिफाच्या पत्त्याला लागला की तो पत्ता पुढच्या वर्षी वापरता येत नाही.