आर्थिक साहाय्याच्या पत्रातला ठळक आकडा

अमेरिकेतील महाविद्यालये प्रवेशाबरोबर आर्थिक साहाय्याचे जे पत्र पाठवतात, त्यात ठळक छापलेली एकूण रक्कम निर्णयासाठी फारशी उपयोगाची नसते. आमच्या मुलीला आलेली पत्रे शेजारी ठेवून वाचताना हे लगेच लक्षात आले. परत न करायची ग्रँट व स्कॉलरशिप, फेडावे लागणारे कर्ज आणि काम करून मिळवायचे वर्क-स्टडीचे वेतन या तिन्हींची बेरीज ‘साहाय्य’ म्हणून दाखवलेली होती.

उदाहरणादाखल, एका महाविद्यालयाचा वार्षिक खर्च ८०,००० डॉलर व साहाय्य ५२,००० डॉलर आहे, तर दुसऱ्याचा खर्च ५८,००० व साहाय्य २०,००० डॉलर आहे असे समजा. वरवर पाहता पहिले दहा हजारांनी स्वस्त वाटते. मात्र पहिल्याच्या ५२,००० पैकी केवळ ३०,००० ग्रँट असेल, ५,५०० विद्यार्थ्याच्या नावावरचे संघीय कर्ज, ३,००० वर्क-स्टडी आणि १३,५०० पालकांनी घ्यायचे पॅरेंट प्लस कर्ज असेल, आणि दुसऱ्याचे सगळे २०,००० ग्रँटच असतील, तर खर्चातून फक्त ग्रँट वजा केल्यावर कुटुंबावरचा खरा भार अनुक्रमे ५०,००० आणि ३८,००० डॉलर होतो. पालकांच्या कर्जाला साहाय्य म्हणणे मला तरी धाडसाचेच वाटते. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार, सुमारे ९१ टक्के महाविद्यालये हा निव्वळ खर्च पत्रात देत नाहीत किंवा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, त्यामुळे ही वजाबाकी आपणच करणे भाग आहे.

वजाबाकीपूर्वी एकूण खर्चही तपासावा, कारण काही पत्रांत फक्त ट्यूशन (म्हणजे शिक्षणशुल्क) व फी असते आणि राहणे, जेवण, पुस्तके व प्रवास वगळलेले असतात. कर्जांतही फरक आहे: सबसिडाइज्ड कर्जावरील शिक्षणकाळातले व्याज सरकार भरते, तर अनसबसिडाइज्ड कर्जावर रक्कम वितरित झाल्यापासूनच व्याज चढू लागते. वर्क-स्टडीचे पैसे काम मिळाले आणि केले तरच हाती येतात, म्हणून ते सत्राच्या बिलातून आधीच वजा धरू नयेत.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न पुढील तीन वर्षांचा आहे. स्कॉलरशिप टिकवण्यासाठी किती जीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो, पहिल्या वर्षीची ग्रँट नंतर घटते का, ट्यूशन वाढल्यास ग्रँट वाढते का आणि बाहेरून शिष्यवृत्ती मिळाल्यास महाविद्यालय स्वतःची ग्रँट कापते का, हे सारे आम्ही साहाय्य कार्यालयाला ईमेलने विचारले, जेणेकरून उत्तरे लेखी राहतील.

संघीय साहाय्यासाठी भरायच्या फाफ्सा अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते. मधल्या काळात नोकरी गेली असेल किंवा वैद्यकीय खर्च उद्भवला असेल, तर कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करता येते. साहाय्य अधिकाऱ्यांना तसा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेश निश्चितीची मुदत १ मे असल्याने ही विनंती एप्रिलच्या सुरुवातीलाच पाठवलेली बरी.