कोटी मिळाल्यावर धावतं कोण?

लिस्बनहून चतुर्थीला गोव्यात फोंड्याला यायचं म्हणजे फुटबॉलमधला खेळाडूंच्या ट्रान्सफरचा बाजार एकतर ऐन रंगात, नाहीतर नुकताच उठलेला. गणपतीवरच्या माटोळीला सुपारीचा घड बांधता बांधता भाच्याने स्टुलावरूनच विचारलं, "मामा, एवढे कोटी खिशात पडल्यावर खेळाडू कशाला जीव तोडून धावेल?"

तिकडे हा विषय हमखास जुआंव फेलिक्सवर येतो. 2019 मध्ये लिस्बनच्या बेन्फिकाने त्याला 12 कोटी 60 लाख युरोंना अ‍ॅटलेटिको माद्रिदला विकलं, तेव्हा पोरगा 19 वर्षांचा. मग चेल्सी, बार्सिलोना, पुन्हा चेल्सी, मिलान आणि 2025 मध्ये थेट सौदीतला अल नासर. बेन्फिकावाले हळहळतात, गावातलेच प्रतिस्पर्धी स्पोर्टिंगवाले गालात हसतात. पण त्याची भूक मेली, हे मला पटत नाही. अ‍ॅटलेटिकोचा प्रशिक्षक सिमिओनीच्या संघात आधी बचावाला पळायचं, मग बाकीचं. मोकळं खेळणाऱ्याला तिथे नेलंच कशाला?

एडन हॅझार्डचं वेगळं. चेल्सीसाठी 352 सामन्यांत 110 गोल. रेआल माद्रिदला गेल्यावर चार वर्षांत 76 सामने आणि 7 गोल! घोट्याने छळलं हे खरं, पण पहिल्याच उन्हाळ्यात वजन वाढवून आलो हे त्याने स्वतःच सांगितलंय. रेआल हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न. ते हातात आल्यावर पुढे गाठायचं काही उरलंच नसावं, असा माझा संशय.

रोनाल्डो याला अपवाद. त्याला प्रत्येक क्लबात कोणाचं तरी तोंड बंद करायचं असतं. कळंगुटला त्याचा 410 किलोचा पुतळा आहे, पण ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचाच क्लब अल नासर एफसी गोवाशी फातोर्ड्याला खेळायला आला तेव्हा हा आलाच नाही. आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, आपण 2-1 हरलो, आणि रोनाल्डोसाठी तिकीट काढलेल्यांनी जे बोल लावले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

खरं उदाहरण तर आपल्याच घरचं. एफसी गोवाने 2014 मध्ये विश्वविजेता रॉबेर पिरेस आणला; लोक त्याला बघायला गेले, एवढंच. 2017 मध्ये स्पॅनिश स्ट्रायकर कोरो आला, वय 34, इथे फारसं कोणाला नाव ठाऊक नाही. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) 57 सामन्यांत त्याने 48 गोल ठोकले, पहिले दोन्ही मोसम सर्वाधिक गोल त्याचेच. प्रशिक्षक लोबेराने आक्रमणाची सगळी मांडणीच त्याला धरून केली होती. आपल्यावाचून अडतंय हे कळलं की माणूस धावतो.

भावोजींना हे पटेना. "लांबलचक करार हातात असता तर बघितलं असतं," म्हणाले, आणि विन्स्टन बोगार्ड काढला. 2000 साली चेल्सीने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला, मग खेळवायचंच सोडलं. जेमतेम डझनभर सामने खेळून पठ्ठ्याने चारही वर्षांचा पगार घेतला, क्लब सोडला नाही. त्याला नावं ठेवायला मात्र आमच्याकडे कोणीच पुढे येईना. सगळे नोकरदार.