पीजेचा डबा ५ मिमी लांब का आला

मागच्या वेळी रूळ टाकायला घेतले होते, ते झाले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: पाचोरा–जामनेर नॅरोगेज रेल्वे, म्हणजे आमची पीजे, तिचं मॉडेल १:८७ ला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने करतोय. खऱ्या रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, मॉडेलवर ते पावणेनऊ मिमी येतं. त्यामुळे एन गेजचे (मॉडेल रेल्वेचं एक ठरलेलं छोटं माप) ९ मिमीचे तयार रूळ चालून जातात. त्यांचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मात्र चालत नाहीत, फार दाट आणि आखूड दिसतात. दर सहावा तेवढा ठेवला, बाकीचे कापून काडेपेटीच्या काड्या १७ मिमीच्या करून चिकटवल्या. बोटांची सालं निघाली. अख्खा ५६ किमीचा मार्ग करायचा तर ६४४ मीटर फळी लागेल. माझी आहे सहा फुटांची, म्हणून फक्त वरखेडी स्टेशन.

जमिनीसाठी शेतातली काळी माती चाळून फेविकॉलच्या पाण्यात बसवली. वाळल्यावर ती तडकली, वैशाखात शेत तडकतं तशीच. दुरुस्त करणार नाही.

आता डबा. यासाठी माझ्याकडे फोटो नाहीत, पण वही आहे. १९९८ साली नववीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही चौघांनी पुठ्ठ्याची पीजे केली होती. सकाळी शाळेला पाचोऱ्यात एसटीने यायचं आणि परतताना पीजेने, हा आमचा क्रम. गाडी सुटायच्या आधी डबा उभा असायचा, तेव्हा आम्ही मापं घ्यायचो. एकजण टेप धरायचा, एकजण आकडा ओरडायचा, मी लिहायचो. चौथा खो-खोतला, धावण्यात पटाईत. त्याचं काम गार्डसाहेब येतात का ते बघणं. टेप आमच्यातल्या शिंप्याच्या पोराने वडिलांच्या दुकानातून आणलेली. डब्याची पूर्ण लांबी तिने पुरेना, म्हणून सुतळीने घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या लाकडी मीटरपट्टीवर मोजली.

त्याच वहीवरून परवा अर्ध्या मिमीच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटमधून डब्याची बाजू कापली. खिडक्या, मधल्या पट्ट्या, दारं, सगळं मापाप्रमाणे. चेसिसवर ठेवली तर बाजू ५ मिमी बाहेर! दोनदा कापली, तेच. शेवटी वहीतले आकडे बेरजेला घेतले. एका बाजूची १७ मापं, आणि बेरीज सुतळीच्या लांबीपेक्षा बरोबर १७ इंच जास्त. १:८७ ला तेच ५ मिमी.

शिंप्याच्या पोराला फोन लावला. आता दुकान तोच बघतो.

"भो, तुझ्या वडिलांच्या टेपला पहिला इंच होता का रे?"

तो आधी गप्प, मग हसतच सुटला. टेपचं पत्र्याचं टोक पहिल्या इंचासकट कधीच तुटून गेलं होतं. त्याचे वडील १ वर टोक धरून मापातून एक वजा करायचे, बोलताबोलता, सवयीने. आम्हाला कोण सांगणार! आम्ही पंचवीस आलं की पंचवीस लिहिलं. आमचं मॉडेल १:२० चं होतं. तिथे एका इंचाचा सव्वा मिमी होतो, आणि पुठ्ठा कात्रीने मारूनमुटकून बसवला होता. तेव्हा काय कळणार.

त्या प्रदर्शनात तालुक्याला दुसरे आलो. पहिला नंबर ठिबक सिंचनाच्या मॉडेलला. जळगाव जिल्ह्यात ठिबकला हरवून आगगाडी पहिली येणार, ही अपेक्षाच चुकीची होती, हे मला आता पटतं. त्या दिवशी मात्र चौघांनी परतीच्या गाडीत कुणाशी बोललो नाही. प्रमाणपत्रावर "अचूक मोजमाप" असा खास शेरा आहे. त्याचा फोटो काढून काल तिघांना पाठवला. खो-खोवाला सुरतेहून लिहितो, "परत करावं लागेल का भो?"

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी थांबली ती पुन्हा धावलीच नाही, त्यामुळे जाऊन मोजणं आता शक्य नाही. प्रत्येक मापातून एक इंच वजा करून तिसरी बाजू कापली. बसली. खिडक्यांच्या कडा कानशीने घासायच्या राहिल्यात.

रंगाचं अडलंय. दोघं म्हणतात निळा, सुरतवाला तांबड्या-तपकिरीवर अडून आहे, आणि मला नेमकं आठवतं ते फक्त आतलं लाकडी बाकडं, त्यावर करकटकाने कोरलेले आमचे हजेरी क्रमांक. तोवर करड्या प्रायमरचा एक हात मारून ठेवतो.