सांगलीची मतमोजणी आणि सॅलफर्डची जुगलबंदी

४ जून २०२४. पहाटे साडेतीनला गजर लावून उठले. भारतात आठ वाजले होते, लोकसभेची मतमोजणी सुरू होत होती. इंग्लंडमध्ये, रेडिंगमधल्या आमच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता, मोबाइलचा आवाज बारीक करून सांगलीचे कल बघत बसले. निकाल लागला तेव्हा राज्यात महाविकास आघाडीला ३० जागा, महायुतीला १७ आणि उरलेली एक आमची सांगली. तिथं अपक्ष विशाल पाटील निवडून आले. बाबांचे दिवसभर फोनवर फोन.

यात माझं मत मात्र नव्हतं. पासपोर्ट भारताचाच आहे, पण मत द्यायला ७ मेला सांगलीच्या केंद्रावर स्वतः हजर असायला हवं. विमानाचं तिकीट बघितलं आणि गप्प बसले. उलट इथं मी व्हिसावर राहणारी बाई, तरी मतदार यादीत नाव आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असेल, तर त्याला इथल्या संसदेसाठी मत देता येतं. साम्राज्याच्या काळातली ही शिल्लक. बाबांना दोनदा समजावलं, त्यांना अजून ते खरं वाटत नाही.

तर त्याच रात्री नऊ वाजता, डोळे चुरचुरत असताना, मी टीव्हीसमोर. आयटीव्ही या वाहिनीवर, सॅलफर्डच्या स्टुडिओतून, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर पहिल्यांदा समोरासमोर येणार होते. इथल्या संसदेसाठी मतदान ४ जुलैला आणि माझं काहीच ठरलेलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी, दोघांपैकी कोण पटतंय.

प्रत्येक उत्तराला ४५ सेकंद. एवढ्यात आपल्याकडे ‘व्यासपीठावरील मान्यवर’सुद्धा उरकत नाही. सूत्रसंचालक ज्युली एचिंगहॅम यांनी दोघांना वर्गातल्या बाईंसारखं आवाज खाली आणायला सांगितलं, तेव्हा मला मराठी वृत्तवाहिन्यांवरचे सहा चौकटींतले सहा चेहरे आठवले आणि एकटीच हसले.

सुनक तयारी करून आले होते. स्टार्मर आले तर प्रत्येक घराचा कर २,००० पौंडांनी वाढेल, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. स्टार्मर यांनी ते साफ खोडायला इतका वेळ घेतला की मी विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला. दुसऱ्या दिवशी कळलं, हा आकडा चार वर्षांचा मिळून आहे. शिवाय तो सरकारी अधिकाऱ्यांनी काढल्यासारखा सांगू नका, असं अर्थखात्याच्या मुख्य सचिवांचं पत्रही बाहेर आलं. माझा रात्रीचा हिशेब पाण्यात.

घरचं माणूस उपचारांच्या प्रतीक्षायादीवर असेल तर खासगी दवाखान्यात न्याल का, असा एक प्रश्न होता. सुनक हो म्हणाले, स्टार्मर नाही. मला सुनक यांचं ‘हो’ खरं वाटलं. कुठला बाप नेणार नाही? पण तेवढ्यावरून मत द्यायचं, तर ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचं काय, हेही मनात आलंच. अठरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रसेवा सक्तीची करण्यावर सुनक बोलू लागले, तर प्रेक्षक चक्क हसले.

मग स्थलांतरितांचा विषय निघाला. २०२३मध्ये देशात आलेल्यांतून गेलेले वजा केले तर ६,८५,००० माणसं वाढली, हा आकडा तेव्हा गाजत होता. आम्ही जानेवारी २०२३मध्ये आलो. म्हणजे त्यात आम्ही तीन: मी, नवरा आणि केजीतली मुलगी. आकडा खाली कोण आणणार, याची दोघांत चढाओढ लागली. मी कर भरते. व्हिसा घेताना मोठ्या माणसामागे भरायचा आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४मध्ये वर्षाला १,०३५ पौंडांवर गेला, तो वेगळा. लग्नात आहेराची पाकिटं मोजताना पाहुणे जास्त झाले म्हणून यजमान कुरकुरताहेत आणि आपण शेजारच्याच खुर्चीत बसलोय, तसं काहीसं वाटलं. आपलं मत कुणी मागतंय, असं त्या तासाभरात एकदाही वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर कोण सरस ठरलं यावर यूगव्ह या संस्थेची झटपट जनमत पाहणी आली: सुनक ५१ टक्के, स्टार्मर ४९. म्हणजे बघणारेही माझ्यासारखेच.

सांगलीत पहाटेचे तीन वाजत आले होते, तरी बाबा जागे. निकालाची झिंग उतरली नव्हती.

“काय गं, आपला जावई कसा बोलला?”

नारायण मूर्तींचा जावई तो ‘आपला जावई’, का तर इन्फोसिस पुण्यात सुरू झाली म्हणून. मी म्हटलं, “बोलले चांगलं, पण घाईत होते.”

“आणि दुसरा?”

“त्यांना घाईच नव्हती, बाबा.”

४ जुलैला कामावर जायच्या आधी मत देऊन आले. ओळखपत्र म्हणून भारताचा पासपोर्ट दाखवला. टेबलामागच्या आजींनी तो शांतपणे उघडून बघितला आणि कागदाची लांब मतपत्रिका हातात दिली. बोटाला शाई नाही, बटण नाही. दोरीला बांधलेली शिसपेन्सिल, तिनं फुली मारायची.

संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. कुणाला दिलं ते त्यांनी विचारलंच नाही.

“शिसपेन्सिलीनं? आणि कुणी खोडलं म्हणजे?”